पारोसे हात

पेरूहून परत आलो तेव्हा पहिले काही दिवस आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडात माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच विचारी, पेरूच्या देशात पेरू मिळतात का. मी चहा टाकायला आत जायची ती त्यांचं हसून संपल्यावरच बाहेर यायची. मग पुढचा प्रश्न ठरलेला: डोंगर कसे होते? यावर हे बोलत. इंका राजांचे रस्ते, चुन्याशिवाय रचलेल्या भिंती, बर्फाची शिखरं, उंटाचा गरीब चुलतभाऊ दिसावा तसा लामा. ऐकणाऱ्यांना वाटे, काय भाग्यवान माणसं. मला त्या प्रवासातलं मुख्यतः आठवतं ते दमणं. आता महाराष्ट्र राज्य झालं, तोरणं उतरली, सभा संपल्या, शाळाही नेमाने भरायला लागली. तेव्हा काय झालं ते लिहून ठेवायला हरकत नाही.

हे कॉटन ग्रीनला कापसाच्या एका पेढीत सिलेक्टर होते. सिलेक्टर म्हणजे कापूस पारखणारा. गाठीतून काढलेला नमुना उत्तरेच्या खिडकीपाशी न्यायचा, त्यातली चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायची, पुन्हा एकावर एक ठेवून ओढायची, आखूड तंतू टाकत जायचे, आणि शेवटी हातात राहिलेली झुपकी कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून लांबी बघायची. लांबी डोळ्यांना दिसते. पण तंतू रेशमासारखा आहे की खरखरीत, पक्व आहे की कोवळा, गाठीत ओल आहे की नाही, हे बोटांच्या टोकांनाच कळतं. यांना ते डोळे मिटून कळायचं. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते, त्यामुळे घरात कापड नेहमीच. मी नवं कापड आणलं की हे कोपरा चिमटीत धरून सांगत, "यात अर्धा माल खानदेशी आहे." दुकानदाराकडे जाऊन विचारायची सोय नसल्यामुळे मी ते मान्य करी.

पेढीचे शेठ गुजराती, वयस्कर, कमी बोलणारे. बारीक सूत काढणाऱ्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि तो पेरूच्या किनाऱ्यावर चांगला होतो असं त्यांना कळलं होतं. त्यांनी यांना एका हंगामासाठी तिकडे पाठवायचं ठरवलं. "बाईंना बरोबर घेऊन जा मास्तर," शेठ म्हणाले; यांना ते मास्तरच म्हणत. "एकटा माणूस परदेशात नीट जेवत नाय, आजारी पडते. मग आमचा कापूस कोण बघेल?" आमची एकुलती मुलगी लग्न होऊन शीवला गेली होती. शाळेने मला बिनपगारी रजा दिली. बोटीने युरोप, तिथून दुसऱ्या बोटीने पनामाच्या कालव्यातून खाली, असे आम्ही गेलो. बोटीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती हलते.

पेरूचा किनारा म्हणजे वाळवंट. डोंगरातून नदी उतरते तेवढ्या पट्ट्यात हिरवं, बाकी सगळी वाळू. हे दिवसभर कापूस बघत आणि मी भात शिजवी. हंगाम संपला, माल पसंत झाला, नमुन्यांवर यांनी लाखेचं सील केलं आणि परतीच्या बोटीला अवकाश आहे असं कळलं. तेव्हा हे म्हणाले, "इथवर आलोय तर डोंगरात जाऊन येऊ. इंकांच्या रस्त्यावरून चालायचं." तरुणपणी यांनी सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातले होते. लग्नानंतर त्यातलं काही झालं नाही. माझी इच्छा घरी जायची होती, पण तेवढ्या कारणासाठी नाही म्हणणं बरं दिसेना.

कुस्को गावी आगगाडीने चढलो. आगगाडी चढत होती आणि माझं डोकं ठणकत होतं. उंचीमुळे तसं होतं. खाणावळवालीने कोकाच्या पानांचा काढा दिला, सुकलेल्या गवताच्या चवीचा. पहिले दोन दिवस मी पलंगावर बसूनच काढले. तिसऱ्या दिवशी हे मला भिंती दाखवायला घेऊन गेले. जुन्या गल्ल्यांतून इंकांच्या भिंती आहेत आणि त्यांच्यावर स्पॅनिश लोकांनी आपली घरं चढवली आहेत. खाली एकाचं, वर दुसऱ्याचं. मोठा भूकंप झाला तेव्हा वरचं पडलं नि खालचं राहिलं, हे गल्लीतला प्रत्येक माणूस थांबवून सांगतो. दगड हत्तीएवढे आणि दोन दगडांच्या मध्ये चुना नाही, माती नाही. हे डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवत चालले होते. "अगं, सांधा हाताला लागतच नाही. इथे, इथे जरासा लागला. बघ." मी पायरीवर बसून होते. म्हटलं, "तुम्हाला लागला ना, झालं."

बाजारात सगळे केचुआ भाषा बोलत, कचेरीत सगळे स्पॅनिश. खेड्यातून आलेला माणूस टोपी हातात धरून दुसऱ्याच्या भाषेत अडखळत आपलं काम सांगे आणि कारकून त्याच्याकडे न बघता ऐके. यांना ते फार लागलं. "आपल्याकडेही हेच चालू आहे," म्हणाले. मी म्हटलं, "आपल्याकडे काय चालू आहे ते मुंबईचं पत्र आलं की कळेल. तोवर चालायचं बघा."

चालायचं होतं ते एका खेड्यापासून खिंड ओलांडून पलीकडच्या विणकरांच्या गावापर्यंत. सामान खेचरांवर आणि खेचरांबरोबर एक बाई. माझ्याच वयाची. एकावर एक घातलेले तीन-चार घागरे, डोक्यावर पुरुषी टोपी, आणि हातात टकळी. चालता चालता ती लोकर कातत असे. चढावर मला श्वास पुरत नव्हता आणि ही बाई कातत, खेचरांना हाकत आणि मधून मधून गातसुद्धा होती. आमच्या शाळेत टकळीच्या तासाला मुली बसल्या जागी सूत तोडतात, ते मला आठवलं. तिला केचुआ येत होती आणि स्पॅनिशचे थोडे शब्द. यांना हंगामापुरती स्पॅनिश येत होती. मला दोन्ही नाही. पहिल्या दिवशी मी खुणा केल्या, दुसऱ्या दिवशी कंटाळून सरळ मराठीत बोलायला लागले. तिचं काही अडलं नाही. तिने माझ्या साडीचा काठ उचलून खाली यांची लोकरी विजार पाहिली आणि इतकी हसली की खेचरं थांबली.

"हस बाई," मी म्हटलं. "थंडी मला वाजतेय, तुला नाही."

इंकांना चाक माहीत नव्हतं, त्यामुळे रस्त्याला वळणं द्यायची त्यांना कधी गरज वाटली नाही. दगडी पायऱ्या सरळ वर जातात. गुडघ्यांचा विचार करणारं त्यांच्यात कोणी नसावं. कळसूबाईवर कळसूबाई ठेवावी आणि तिच्यावर आणखी एक, एवढी ती खिंड उंच. रात्री मेंढपाळांच्या दगडी खोपटात झोपायचं. जेवायला बर्फात गोठवून वाळवलेले बटाटे, त्यांना खडूची चव. गार पाण्याने अंघोळ करणं शक्य नव्हतं आणि अंघोळीइतकं पाणी तापवायला जळण नव्हतं. म्हणजे अंघोळ बंद. मला त्याचं काही वाटलं नाही. हे मात्र रोज सकाळी अस्वस्थ होत. घरी हे फार देवदेव करणारे नव्हते, पण अंघोळीशिवाय तोंडात पाणीही घेत नसत.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी खेचरवाली थांबली. तिने तीन दगड उचलले, एक स्वतःला ठेवला आणि एकेक आम्हाला दिला. यांनी तिच्याकडून समजून घेऊन मला सांगितलं, "हा वर न्यायचा. खिंडीत दगडांची रास आहे, तिच्यावर ठेवायचा. आपला थकवा दगडात जातो आणि तिथेच राहतो. डोंगराच्या देवाला तो चालतो." मी माझा दगड खेचराच्या पाठीवरच्या पोत्यात टाकला. तिने तो काढून पुन्हा माझ्या हातात दिला.

खिंडीत वारा असा होता की डोळे उघडे राहत नव्हते. मधोमध माणसाच्या उंचीची दगडांची रास, फटींतून कोकाची पानं आणि लोकरीचे रंगीत तुकडे खोचलेले. बाईने दगड ठेवला, पुटपुटली आणि खेचरांकडे वळली. मीही ठेवला. थकवा माझ्यापाशीच राहिला, पण हात मोकळा झाला. हे नुसतेच उभे होते.

"ठेवा आणि चला," मी म्हटलं.

"असं कसं? देवस्थान आहे."

"मग?"

"तीन दिवस अंघोळ नाही. पारोशा हातांनी शिवायचं?"

"अहो, इथल्या देवाला माहीत आहे इथे किती थंडी असते ते."

"निदान हातपाय तरी धुतो," म्हणाले आणि खाली उतरलेसुद्धा. राशीच्या थोडं खाली पाण्याचं डबकं होतं, वर बर्फाचा पापुद्रा. यांनी बूट काढले, मोजे काढले, हातमोजे काढले. काठीने पापुद्रा फोडून पाय धुतले, कोपरापर्यंत हात धुतले, चूळ भरली. मी वरून ओरडत होते, पण वाऱ्यात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तसेच अनवाणी वर आले, दगड ठेवला, हात जोडले. मग प्रदक्षिणा. राशीच्या मागच्या बाजूने काही दगड घसरले होते, ते यांना दिसले. देवाचं घर मोडलेलं बघून पुढे जाणं यांना जमेना. ओल्या हातांनी एकेक दगड उचलून यांनी ती बाजू रचली. भिंतीच्या गवंड्याने रचावी तशी, सांधा जमवून.

खेचरवाली परत आली तेव्हा तिला काय चाललंय ते आधी कळलं नाही. मग तिने यांचे हात बघितले. बोटं मेणासारखी पांढरी झाली होती. ती काय बोलली त्यातला एक शब्दही मला समजला नाही, पण सूर ओळखीचा होता. मासा दाबून बघून न घेता परत ठेवला की आमच्या बाजारातली कोळीण त्याच सुरात बोलते. तिने यांचे हात ओढून आपल्या लोकरी घोंगडीखाली काखेत घेतले आणि मी यांच्या पायांत मोजे चढवले. पाय बचावले.

संध्याकाळी खोपटात शेणाच्या गोवऱ्यांची शेकोटी होती. मी पाणी ठेवायला वळले, तेवढ्यात यांनी हात शेकायला पुढे केले. बोटांना काही लागतच नव्हतं, त्यामुळे हात किती पुढे गेलेत ते यांना कळलं नाही. मला वासाने कळलं. दुसऱ्या दिवशी दहाही बोटांना फोड होते.

विणकरांच्या गावात आम्ही पोचलो. तिथल्या बायका कमरेला माग बांधून बसतात, दुसरं टोक खुंटीला. मागे रेललं की ताणा ताठ, पुढे झुकलं की सैल. असं विणकाम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं आणि ते नीट बघावं असं मला मनापासून वाटत होतं. पण माझं लक्ष यांच्याकडे होतं. बायका एकामागून एक पट्टा यांच्या हातात देत होत्या, हा माणूस कापसातला जाणकार आहे असं खेचरवालीने त्यांना सांगितलं असणार. हे पट्टा मांडीवर ठेवून नुसते बघत होते.

लिमाच्या डॉक्टरने बोटं उलटीसुलटी करून पाहिली. कातडी नवी येईल म्हणाला. स्पर्श येईल की नाही, ते वाट बघून ठरवायचं. बोटीवर एके सकाळी हे म्हणाले, "आला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

मी खूप दमले होते. मी ते खरं धरलं.

आम्ही निघालो तेव्हा मुंबईचं काय होणार ही नुसती चर्चा होती. परत आलो तर माणसं रस्त्यावर होती. दिवाळीचे कंदील उतरले नव्हते तोच हरताळ झाला, फोर्टात गोळीबार झाला. त्यानंतर ते हिवाळाभर चालूच राहिलं. मुंबई केंद्राकडे जाणार असं जाहीर झालं त्या दिवसांत गिरगावात संचारबंदी होती, लालबाग-परळकडे धूर दिसायचा आणि खिडकीत ओला पंचा ठेवावा लागे, अश्रुधुरासाठी.

पेढी एक दिवस उघडी आणि दोन दिवस बंद. सकाळी उठून हे गॅलरीत उभे राहत आणि ट्रामचा आवाज येतो का ऐकत. आवाज आला नाही की यांचा चेहरा खुले. समोरच्या बिऱ्हाडातले काका चळवळीत पुढे होते, त्यांच्या ते लक्षात आलं.

"काय हो, आज पण बंद. खूश दिसताय."

"बंद म्हणजे बंद," हे म्हणाले.

"शाब्बास. गुजराती पेढीत राहून ही निष्ठा. आमच्यातले काही लेकाचे मागच्या दाराने कामावर जातात."

काकांनी यांना सभेला नेलं, हार घालायचं तेवढं बाकी ठेवलं. यांनी नाही म्हटलं नाही. राज्य व्हावं असं यांना मनापासून वाटत होतं, त्यात खोटं नव्हतं. पण कामगारांचा पगार बुडतोय, आमचाही बुडतोय, आणि घरातला माणूस हरताळ जाहीर झाला की दोन घास जास्त जेवतो, हे मला चमत्कारिक वाटायला लागलं.

मग मी बघायला लागले. सदऱ्याची बटणं हे आरशात पाहून लावत. मासा आणताना "पापलेट आण, काटेरी नको" असं सांगत. पूर्वी पाला माशाचे काटे यांच्याइतके साफ कोणी काढत नसे. एकदा टाचणी खाली पडली ती यांना उचलता येईना, शेवटी चप्पल वर दाबून उचलली. त्या दुपारी मी म्हटलं, "डोळे मिटा." एका हातात मांजरपाट दिला, दुसऱ्या हातात मलमल. "कुठलं कुठलं?"

हे बराच वेळ बोटं चोळत राहिले.

"वजनावरून सांगू का?" म्हणाले.

मी कापडं घडी करून ठेवली. पन्नाशीच्या सिलेक्टरच्या बोटांतला स्पर्श गेला ही बातमी कॉटन ग्रीनला फुटली की बाजारात त्याला दुसरी जागा नाही. आणि ते दिवस असे होते की गुजराती पेढीतला मराठी माणूस नोकरी गमावतो त्याचं कारण बोटं आहेत हे आमच्याकडे कोणाला पटलं नसतं, आणि कदाचित तिकडेही. तेव्हा यांनी तोड काढली. पेढी उघडी असे त्या दिवशी नमुने कागदात गुंडाळून घरी आणायचे. लांबी हे डोळ्यांनी बघत, तंतू तोडून आवाज कानाशी ऐकत. बाकीचं मी. "कसं लागतं?" "मऊ." "मऊ म्हणजे? लोण्यासारखं की पीठ हाताला लागतं तसं?" "पीठ." "ओल?" "थोडी." असं रोज. शाळा, स्वयंपाक, पाण्याची वेळ, आणि त्यावर कापूस. सगळ्या बिऱ्हाडभर तंतू उडत. आमटीतही निघत. दहा वर्षं लागतात हे शिकायला, आणि मी पोळ्या झाल्यावर शिकत होते.

एकदा मी खरखरीत म्हटलेला नमुना यांनी डोळ्यांनी बघून चांगला ठरवला. मी म्हटलं, खरखरीत आहे. हे म्हणाले, तुला समजत नाही. दोघांतलं कोण चुकलं ते सांगणारं तिसरं कोणी घरात नव्हतं. त्यानंतर मी हात झटकले. "उद्यापासून नमुने आणू नका. मला कापड समजतं. कापूस समजत नाही आणि तुम्हाला आता समजत नाही. शेठना सांगून टाका."

"सांगितलं तर घरी बसवतील."

"इथे बसून काय करतोय आपण?"

हे उठून गॅलरीत गेले. सांगितलं नाही. नमुने आणणं मात्र बंद झालं. पेढीत मग हे अंदाजाने काय करत होते, ते मी विचारलं नाही आणि यांनीही काढलं नाही.

असे काही दिवस गेले आणि पेरूच्या गाठी बंदरात उतरल्या. यांनीच घेतलेला माल. तिकडे लाखेचं सील केलेला नमुना एका हातात आणि आलेली गाठ दुसऱ्या हातात, अशी पारख शेठसमोर आणि गिरणीच्या माणसासमोर करायची होती. ते घरी आणता येण्यासारखं नव्हतं. शेठचा निरोप आला तेव्हा आदल्या दिवशीच्या दगडफेकीमुळे ट्राम बंद होत्या. शाळाही बंद. हे कोट घालून उभे राहिले. मी बटणं लावली आणि म्हटलं, "मी येते."

"तू कशाला?"

"घरी बसून काय करू?"

गिरगावातून भायखळा, तिथून घोडपदेव आणि पुढे कॉटन ग्रीन. दुकानांची दारं बंद, रस्त्यावर काचा आणि विटांचे तुकडे. भायखळ्याला एका शिपायाने अडवलं. "कुठे चाललात आजी-आजोबा? घरी जा की."

"आजोबांना कामावर जायचंय," मी म्हटलं. "आणि आजी कोणाला म्हणतोस रे?"

तो हसला. काठीने वाट दाखवून म्हणाला, "भिंतीकडेने जावा."

आम्ही भिंतीकडेने चाललो.

"काय सांगणार आहात?" मी विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"हातात घेतो. नमुन्यासारखाच आहे म्हणतो. मीच पसंत केलेला माल. त्याला काय होतंय?"

"समुद्रातून आलाय. आत ओल धरली असली तर?"

"तर गिरणीत कळेल."

"आणि मग?"

"मग गिरणीवाला शेठना धरेल."

"आणि शेठ?"

हे थांबले. एका बंद दुकानाच्या फळीला टेकले. चढावर थांबायचे तसेच, तोंडाने श्वास घेत. "अगं, सिलेक्टर नाही तर मी कोण? सव्वीस वर्षं दुसरं काही केलं नाही."

"घरी जेवायला येणारा माणूस आहात. चला, ऊन वाढतंय."

पेढीत पोचलो तेव्हा शेठ आधीच आले होते. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. दार उघडंच होतं. उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल, त्यावर गाठींतून काढलेला कापूस आणि शेजारी यांच्या हातच्या सीलचा नमुना. गिरणीचा माणूस यायचा होता.

हे टेबलापर्यंत गेले. कापसाला हात लावला नाही. "शेठ, एक बोलायचं आहे," म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सांगितलं. खिंड, डबकं, शेकोटी, सगळं. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

शेठनी यांचा हात घेतला, पालथा केला आणि तर्जनीच्या टोकात नख रुतवलं. "लागते?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"आणि एवढे दिवस माल कोणी बघितला?"

यांनी व्हरांड्याकडे पाहिलं. शेठनीही पाहिलं.

"बाईंनी?"

मी उठून दारात गेले. "मी फक्त मऊ की खरखरीत ते सांगितलं. तेसुद्धा थोडे दिवस. त्यानंतरचं मला माहीत नाही."

शेठ हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. माणसाचं गणित चुकलं की चेहरा होतो तसा त्यांचा झाला. म्हणाले, "थंडीमधी पाण्यात हात घातला. देवासाठी." मग टेबलाकडे बघत आपल्या आईबद्दल म्हणाले, "आमच्या बा पण असाच करील. तिला मी डोंगरावर नेणार नाय." आणि आतल्या कारकुनाला हाक मारून सांगितलं की मास्तरांनी परत आल्यापासून पास केलेला सगळा माल पुन्हा काढा, आणि शेजारच्या पेढीच्या सिलेक्टरला तासाभरासाठी बोलवा.

यांच्या इतक्या वर्षांच्या शब्दाची किंमत अशी एका क्षणात गेली. ते होत असताना हे तिथेच उभे राहिले, बाहेर आले नाहीत. मला ते बरं वाटलं.

शेजारचा सिलेक्टर आला. त्याने चिमूट ओढली, बाहीवर ठेवली, डोळे मिटून बोटांत फिरवली. हे त्याच्या बोटांकडे बघत होते. माल अगदी नमुन्यासारखा निघाला. ओल नाही, काही नाही. गिरणीचा माणूस आला, बघून सही करून गेला. त्या दिवशी काही न बोलता निभावलं असतं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं.

नोकरी गेली नाही. बाहेरच्या खोलीत बंदराचे कागद बघणाऱ्यांच्या रांगेत एक टेबल होतं, तिथे यांना बसायला सांगितलं. पुन्हा काढलेल्या मालात काही नमुने चुकलेले निघाले. किती, ते शेठनी आम्हाला कधी कळू दिलं नाही आणि आम्हीही खोदलं नाही. काकांनी मात्र ठरवून टाकलं की चळवळीत भाग घेतला म्हणून मराठी माणसाला खाली आणलं. आम्ही दोघांनी समजावून पाहिलं. बोटांची गोष्ट त्यांना फारच किरकोळ वाटली.

पण ते नंतरचं. त्या दुपारी परत येताना ऊन कडक होतं आणि माझ्या टाचा दुखत होत्या. घोडपदेवला एका चाळीच्या पायरीवर बसलो. यांनी कोट काढून मांडीवर ठेवला. सव्वीस वर्षं हे उजेड बघून घराबाहेर पडत आले होते. आभाळ आलं की उशिरा, लख्ख असलं की लवकर, कारण उजेड नीट नसला तर कापूस बघता येत नाही.

"उद्या किती वाजता जायचं ते विचारायचं राहिलं," हे म्हणाले.

"दहाला," मी म्हटलं. "कारकून दहाला जातात."

हे मानेनेच बरं म्हणाले. मग आम्ही उठलो, कारण अजून भायखळा यायचं होतं.